टाकी आमी विकली न्हाई

"टाकी कोणत्या हॉटेलात विकली गं म्हातारे?"

परभणीतल्या गॅस एजन्सीतला बाबू माझ्या बायकोला विचारत होता. मागं रांग. रांग हसली. बायको पायरीवर बसलेली, धापा टाकत. तो तिच्या नातवाच्या वयाचा.

टाकी तिच्या नावावर. सरकारनं गरिबाच्या बाईला दिलेली. भरून घेतली की सबसिडी मिळायची. पण चार वर्षांत आमी एकदाच भरली. ते खरं हाय. मी लपवत नाही.

टाकी आली त्या दिवशी बायकोनं जुन्या लुगड्याची खोळ शिवून तिला घातली. पाहुणा आला तरच शेगडी पेटायची. जावई आला, व्याही आला, की चहा गॅसवर. आमची दोघांची भाकर चुलीवर, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळून. आमच्या वस्तीत घरोघर असंच. ज्यांच्या घरचं पाणी गावात कुणी पीत नव्हतं, त्यांची ही ऐट. आलेल्या माणसाला धुराचा चहा द्यायचा नाही.

ती ऐट तिच्या छातीवर बसली. डॉक्टर म्हणाला, आता धुरापाशी बसलात तर दमा घेऊनच जाईल. मी टाकी भरायला धावलो. तर सबसिडी बंद. लय दिवस भरली नाही म्हणून. पुऱ्या भावानं घ्यायची आमची ऐपत नाही, निराधारचा पगार औषधातच जातो.

पहिल्या खेपेला म्हणाले, पासबुक आण. दुसऱ्या खेपेला म्हणाले, बाईला घेऊन ये. तिसऱ्या खेपेला तिला ऑटोत घालून आणली. वाटेत दोनदा ऑटो थांबवून तिला उतरवावं लागलं, दम घ्यायला.

"साहेब, विकली न्हाई. घरात हाय. येऊन बघा," मी म्हणालो.

"तुमच्या वस्तीत मी येऊ? भरत नाहीस म्हणजे विकलीच. फुकटाचं मिळालं की असंच करता तुम्ही लोक."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आज्जे, त्या हॉटेलातला चहा आमालाबी पाज की!"

पुन्हा हसले.

बाबूनं एक कागद लिहिला. शाईचा डबा पुढं सरकवला. "हिचा अंगठा घे. आजच चालू करून देतो."

आजच. तेवढं ऐकून तिनं अंगठा शाईत बुडवलासुद्धा.

मी तिसरी शिकलेला. अक्षर लावून लावून वाचतो. बाबूला वाटलं, यालाबी येत नसंल. मी कागद उचलला आणि तिला ऐकू जाईल असा वाचला. "मी माझी टाकी पैशासाठी हॉटेलवाल्यास विकली. माझा गुन्हा मला कबूल आहे."

"वाचत काय बसलास? फाईल मिटवायला नुसता कागद आहे तो. लाव."

खरं लिहितो. माझ्या मनात आलं, लावू दे. बाईचा जीव चाललाय, इज्जत घेऊन काय करू? मी तिच्याकडं बघितलं.

"म्या कवा इकली?" ती म्हणाली. एवढं बोलायलाही तिला थांबावं लागलं. मग अंगठ्याची शाई तिनं लुगड्याला पुसली.

तिथं माझं डोकं साफ झालं.

"अंगठा लागणार न्हाई," मी म्हणालो. "बंद ठेवायची तर ठेव. पण का बंद केली, ते लिहून दे. तुझ्या सहीनं."

"पुढचा या," बाबू म्हणाला. मी हललो नाही. वॉचमननं मला दंडाला धरून बाहेर काढलं. बायको भिंतीला धरून मागं आली.

आता भाकर मी थापतो, अंगणात चूल मांडून, ती आत दार लावून बसते. जन्मात कधी थापली नव्हती. जाड होते, करपते. ती मुकाट खाते. पण कुडाच्या घराला दार लावून काय होतं, धूर आत जातोच. खोकला थांबत नाही. एखाद्या दिवशी तर बोलायलाही दम राहत नाही तिच्यात. सबसिडी चालू होईस्तोवर ती राहील का, मला माहीत नाही.

तहसीलला अर्ज दिलाय. दुसरा कलेक्टर ऑफिसला. दोन्ही मी लिहिले, माझ्या वाकड्या अक्षरात. रोज जातो आणि विचारतो. हाकललं की बाहेर उभा राहतो. ती जगली तर गॅस पाहिजे. गेली तरी तिच्या नावापुढचं चोर खोडून पाहिजे. माफीचा कागद लिहायचाच असंल तर त्यांनी लिहावा. तोवर मी दारातून हलणार न्हाई.