रक्ताचा कौल

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकून ऊस लावला, पण रक्तावरचा विश्वास काही विकला नाही. आमच्या कळस गावी मेंढरं होती तेव्हा एखादं आजारी पडलं की ते त्याच्या कानाला बाभळीचा काटा टोचायचे. लालभडक थेंब आला की मेंढरू जगणार, काळपट आला की संपलं. हा कौल किती वेळा चुकला ते मेंढरांनाच ठाऊक.

नव्वदच्या दशकात, ऊसतोडीच्या एका हंगामात, माझा थोरला भाऊ भरल्या ट्रॉलीवरून पाठीवर पडला. कमरेखालचं त्याला काही कळेना. बारामतीला दवाखान्यात नेलं. मी तिथंच कॉलेजात होते, त्यामुळं घरच्यांच्या लेखी निम्मी डॉक्टर. दादा चालणार का, हे प्रत्येक जण मलाच विचारायचा. मी वनस्पतिशास्त्र शिकत होते.

ऑपरेशनआधी नेहमीप्रमाणं रक्त तपासलं. साखर, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल. आबांनी वॉर्डभर पेढे वाटले.

"रगात चांगलं हाय म्हंजी मणका बी चांगला," ते म्हणाले.

"आबा, मणक्याचं रक्तात कळत नाही," डॉक्टर म्हणाले. आबांनी त्यांनाही पेढा दिला.

मग डॉक्टरांनी दादाच्या पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली. "दुखतंय?"

"न्हाय," दादा छताकडं बघत म्हणाला.

टाचणीच्या जागी टपोरा लाल थेंब आला. "आलं रगात!" आबा ओरडले. "पाय जिता हाय!" दाराशी जमलेली भावकी खूश. दादा तेवढा रडत होता, तर त्याच्या आसवांचेही लोकांनी आनंदाश्रू करून टाकले. मला सगळ्यांचा संताप आला.

ऑपरेशन होऊन दादा घरी आला, तो खाटेवरच. रोज सकाळी आबा काटा घेऊन हजर. थेंब दिसला की मगच त्यांना चहा गोड लागायचा. मी समजावायला गेले, तर म्हणाले, "तू झाडपाल्याची डाक्टर. तुला काय कळतंय?"

हल्ली वाचते, की मज्जारज्जूला मार लागला की तिथली काही प्रथिनं रक्तात उतरतात, आणि त्यावरून इजा किती मोठी याचा अंदाज घ्यायचे प्रयत्न चाललेत. म्हणजे आबा अगदीच चुकले नव्हते. जरा लवकर आले होते, आणि काटा घेऊन आले होते. याचं हसू येतं, आणि ती एक सकाळ आठवली की विरून जातं.

त्या सकाळी आबांनी खाटेशी बसून दादाचा पाय मांडीवर घेतला.

"आई गं!" दादा ओरडला. "आबा, दुखलं!"

आई चुलीपासून धावत आली आणि पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. मी पायथ्याशी उभी होते. दादा छताकडं बघत अंदाजानंच ओरडला होता. काटा अजून पायाला टेकलाच नव्हता.

हे आबांनाही कळलं होतं, काटा त्यांच्याच हातात होता. ते बराच वेळ दादाचं पाऊल चोळत बसले. मग उठून त्यांनी काटा चुलीत टाकला.

"दुखलं न्हवं? झालं तर मग," ते दादाकडं न बघता म्हणाले. "आता न्हाय टोचायचा."