दिवाणजींचे सात थांबे

बनशंकरीतल्या आमच्या घरमालक अण्णांइतका सावकाश प्रवास करणारा माणूस अख्ख्या बेंगळुरूत दुसरा नसेल, आणि जिथे सगळेच रस्त्यात अडकलेले असतात तिथे हा मान मिळवणं सोपं नाही. बाकीचे नाइलाजाने सावकाश जातात, अण्णा ठरवून जातात. कारण त्यांच्यासोबत दिवाणजी असायचे. दिवाणजी म्हणजे अण्णांचा चौदा वर्षांचा कुत्रा, एका डोळ्यात मोतीबिंदू आणि मागचे दोन्ही पाय रुसलेले. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या या शहरातलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत ‘बरं’च्या जागी ‘सरी’ आणि ‘थोडं’च्या जागी ‘स्वल्प’ कायमचे मुक्कामाला. मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू, मला ते ‘एय, दार धर’ म्हणायचे. दिवाणजींना मात्र, “पाय उचलता का? हं, आता दुसरा.”

दर रविवारी दोघं शहराबाहेर आनेकलला जायचे, अण्णांच्या थोरल्या बहिणीकडे. बनशंकरीच्या घरात दिवाणजी बारा वर्षं या अक्कांच्या पायाशी झोपले होते. मग अक्कांचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या आनेकलला लेकीकडे राहायला गेल्या. आता त्यांना नावं आठवत नाहीत, अण्णांना त्या आपले वडील समजतात. पण फरशीवर नखांचा आवाज आला की त्यांचा हात आपसूक पलंगाखाली उतरतो. त्या हातासाठी हा सगळा खटाटोप.

अण्णांनी नोकरीभर सरकारी कारखान्यात यंत्रं तपासली होती. ठरावीक वेळ चाललं की यंत्राला विश्रांती, हा नियम त्यांनी दिवाणजींना लावला होता. वाटेत सात थांबे, प्रत्येकी पाच मिनिटं, चिंचेच्या झाडापासून लाकडाच्या वखारीपर्यंत सगळे कागदावर लिहिलेले. निघताना हातावर दही-साखर, पहिला मान दिवाणजींचा. आणि ‘जातो’ कुणी म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. एकदा टॅक्सीवाला म्हणाला, कुत्रं चालणार नाही. अण्णा शांतपणे म्हणाले, “ज्येष्ठ नागरिक आहेत.” त्याने चिडून वयाचा पुरावा मागितला, तर अण्णांनी खिशातून लसीकरणाचं पुस्तक काढून जन्मतारखेवर बोट ठेवलं. टॅक्सी निघून गेली ती गेलीच. बसचा कंडक्टर तर दारातूनच नाही म्हणायचा, म्हणून मग रिक्षा.

मला हे सहन होईना. माझ्या आई-वडिलांच्या घरात वर्तमानपत्राआधी चळवळीची पत्रकं वाचली जायची, अन्याय दिसला की मागण्या लिहायच्या हे मी तिथेच शिकले. वृद्ध प्राण्यांना बसमध्ये प्रवेश मिळालाच पाहिजे, असं सहा मागण्यांचं पत्रक मी लिहिलं आणि दोनशे प्रती काढल्या. अण्णांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं. “कंडक्टर कन्नडमध्ये नाही म्हणतो आणि तू मराठीत मागतेस,” ते म्हणाले. “आणि मागण्या सहा कशाला? दिवाणजींची एकच आहे. कडेची जागा.” पुढच्या रविवारी रिक्षात दिवाणजींच्या खाली माझी पत्रकं पसरलेली होती. म्हातारपणी लघवी आवरत नाही. “बघ, उपयोगी पडलं,” अण्णा म्हणाले, आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं.

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, आता प्रवास बंद, कुठलं तरी एक घर ठरवा. म्हणजे एक तर अक्कांचा हात रिकामा राहणार किंवा अण्णांचं घर. दोन दिवस अण्णा थांब्यांचा कागद उघडून परत खिशात ठेवत होते. शेवटी मीच तावातावाने म्हणाले, “आयुष्य त्याचं आहे. ठरवणारे तुम्ही कोण?” मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, “सरी. त्यांनाच विचारू.”

त्या रविवारी मी सोबत गेले. सातही थांबे झाले. दुपारभर दिवाणजी पलंगाखाली झोपले, अक्कांची बोटं त्यांच्या कानावर. ऊन उतरल्यावर अण्णांनी रिक्षात घोंगडी अंथरली आणि बाजूला उभे राहिले. हाक मारली नाही. दिवाणजी हळूहळू उंबऱ्यापर्यंत आले. रिक्षाकडे बघितलं, अण्णांचा हात हुंगला, मग मोठा वळसा घेऊन ते आत पलंगाकडे चालू लागले. अण्णांनी रिक्षातली घोंगडी काढली, आत नेऊन पलंगाशी अंथरली आणि वाकून म्हणाले, “येतो, दिवाणजी.”

परतताना रिक्षावाला खूश होता. दर रविवारचाच तो, आज सरळ घर गाठायचं होतं. वखारीपाशी अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही उतरलो. अण्णा घड्याळ बघत पाच मिनिटं उभे राहिले आणि परत बसले, मधल्या जागेवर. कडेची जागा आम्ही मोकळी ठेवली होती. पुढच्या थांब्यालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. माझ्याकडे आता एकही मागणी उरली नव्हती. शेवटच्या थांब्याला, चिंचेच्या झाडाशी, अण्णा खांद्यावर हात ठेवायला विसरले. रिक्षावाल्याने आपणहून रिक्षा कडेला घेतली.