मांगून येणारं पाणी

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी पुण्याहून डिप्लोमा करून बुलढाण्याच्या एका सरकारी कचेरीत ओव्हरसियर म्हणून लागलो होतो. आदल्या पावसाळ्यात जानेफळच्या पलीकडच्या एका गावात नदी शिरली होती. तिथं बांध घालायचं ठरलं आणि आखणीला मला पाठवलं. पूर कुठवर चढला ते गावात विचारायचं, दुर्बीण लावून उंची घ्यायची आणि नकाशा करायचा, एवढंच काम.

वैशाखाचं ऊन होतं. पाटलांनी सकाळीच भिंतींवरच्या पुराच्या खुणा दाखवल्या. त्यांचं घर उंचावर, त्यामुळे खालच्या वस्तीचं त्यांना फारसं ठाऊक नव्हतं. खालच्या वस्तीत एक म्हातारी बाई माझ्याजवळ आली. तिचं शेत आणि घर दोन्ही तिथंच.

"साहेब, नदीचं सोडा. आमच्याकडं पाणी मांगून येते."

मागून, म्हणजे नंतर, असं मी समजलो. "येऊ दे की मागून. बांध झाला की येणारच नाही."

"तसं नाई हो. मांगून येते!" तिनं घरामागं हात केला. मी दुर्बिणीतून डोळा काढला नाही. तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा मला शंका आली होती की हिला काही वेगळंच म्हणायचंय. पण तिची ती बोली, माझं घामेजलेलं डोकं आणि दुपारची एसटी. मी पट्टी धरणाऱ्या गड्याकडे बघून हसलो. तोही हसला. वहीत मी लिहिलं, 'खालच्या वस्तीत पाणी उशिरा चढते.'

तिच्या घरामागं एक ओहोळ होता. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, त्यातून बैलगाड्या जात. मी ती नुसती गाडवाटच समजलो आणि नकाशावर तिच्यावरून बांध सरळ ओढला.

बांध झाला. पुढच्या पावसाळ्यात पाऊस बेताचा होता. त्याच्या पुढच्या श्रावणात मात्र माळावरचं सगळं पाणी ओहोळातून आलं आणि बांधाला अडून वस्तीत तुंबलं. नदी बाहेरच राहिली. घरं आतल्या पाण्यानं बसली, पेवातली ज्वारी कुजली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी कुदळी घेऊन बांध फोडला.

सरकारी बांध फोडला म्हणून चौकशी आली. शाळेच्या ओसरीवर आमचे मोठे साहेब खुर्चीत, मी त्यांच्या बाजूला उभा. समोर सहा माणसं. त्यांतला एक त्या बाईचा मुलगा होता. अंगणात बायका बसल्या होत्या.

साहेबांनी मला विचारलं, "आखणीच्या वेळी या ओहोळाबद्दल कुणी काही बोललं होतं?"

"नाही, सर."

"म्या सांगतलं होतं," अंगणातून आवाज आला. ती उठून उभी राहिली. "याच साहेबाले सांगतलं. एकदा नाई, तीनदा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या लोकांसमोर खरं बोलायला मला फार तर चार शब्द लागले असते.

"बाईंचा काहीतरी गैरसमज होतोय," मी म्हणालो.

शुद्ध, स्वच्छ मराठीत म्हणालो. साहेबांनी मान हलवली. कारकुनानं माझं वाक्य लिहून घेतलं, तिचं नाही. सहाही जणांना तालुक्याच्या कोठडीत दोन दिवस बसवलं, मग समज देऊन सोडलं. परतताना मी जीपमध्ये साहेबांशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्या गप्पांची मला आजही कोठडीइतकीच लाज वाटते.

नंतर सुधारित नकाशात ओहोळाच्या जागी मी बांधाखालून मोरी दाखवली, नदीचं पाणी आत शिरू नये म्हणून त्या बाजूनं झडप लावून. साहेब खूश झाले. ही सूचना माझ्या निरीक्षणातून आली असं त्यांनी शेरा मारून लिहिलं. मी शेरा वाचला आणि फाइल पुढे पाठवली.

मोरीचं काम चालू असताना ती बाई तिथंच मातीच्या टोपल्या उचलत होती. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्यापाशी गेलो. "आजी, त्या दिवशी मला तुमचं बोलणं कळलं नव्हतं," एवढंच म्हणालो. ओसरीवरचं काही काढलं नाही.

तिनं भाकरीचा घास गिळला. "नाई समजलं तं नाई समजलं म्हनाव ना, बापू. म्या हात धरून नेलं असतं. माह्या पोराले काऊन बसवलं कोठडीत?"

कामाची वेळ झाली असं काहीतरी पुटपुटून मी उठलो. ती जेवत राहिली.

पावसाळ्यात मोरीनं काम चोख केलं. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. कचेरीत मी पेढे वाटले, आणि मोरीबद्दल जो तो माझी पाठ थोपटत होता, तेव्हा थोपटू दिली.