काकांचं बटण आणि सोफ्यावरचं प्लास्टिक

"माधवी, अगं आज पुन्हा बंद पडलं ते. यांना जमतच नाहीये बटण दाबायला," फोनवर कुसुमकाकू.

मी कपाळाला हात लावला. आदल्याच दिवशी पिस्कॅटवे गावी त्यांच्या घरी जाऊन सगळं चालू करून आले होते!

काका म्हणजे निवृत्त डॉक्टर. अर्धांगाचा झटका आला नि बोलणं गेलं. डावा पंजा तेवढा खाली दाबता यायचा. म्हणून आमच्या छोट्या कंपनीत मी एक डबी जोडली. डबीच्या एका बाजूला वाटीएवढं बटण, दुसऱ्या बाजूला कंप्युटरची यूएसबी वायर. स्क्रीनवर एकेक शब्द उजळत जातो. हवा तो आला की बटण दाबायचं, कंप्युटर तो बोलतो. पाणी, दुखतंय, टीव्ही, बास असे शब्द त्यांच्या मुलीने स्वतःच्या आवाजात भरून दिले होते.

आता मी बी.ए.वाली. सोल्डरिंग शिकले ते लायब्ररीतल्या पुस्तकांवरून आणि बोटं भाजून. त्यामुळे शंका आधी माझ्याच कामावर. जोड तपासले, वायर बदलली.

"ड्रायव्हर रीइन्स्टॉल कर," आमचा बॉस माइक म्हणाला.

केला, म्हणजे डबीशी बोलणारं सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. मग विंडोजच नव्याने टाकलं. माझ्या टेबलावर डबी दिवसभर गुणी बाळासारखी चालायची. काकूंच्या घरी गेली की मेली!

"टेबलावर चालते ना? मग प्रॉब्लेम युजरचा आहे," माइक.

काकांना शिकवायला घरी येणाऱ्या थेरपिस्टनेही तेच धरलं. काका प्रयत्न करत नाहीत, पुढच्या व्हिजिटला बटण परत देऊन टाकू, म्हणाली. आणि काका? त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. ते बघून मला जो काही संताप आला!

शेवटी काहीही न दुरुस्त करता त्यांच्या हॉलमध्ये नुसती बसून राहिले. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत हीटरची कोरडी हवा. काकू सोफ्यावर. सोफा घेऊन वर्ष झालेलं, पण दुकानातलं प्लास्टिक तस्संच. काकांचा हात बटणावरून घसरला, तशा काकू सोफ्यावरून उठल्या, चर्र आवाज झाला. त्यांनी बटणाच्या धातूच्या कडेला हात लावला. चट्!

"आई गं! हे रोजचंच," काकू बोट झटकत म्हणाल्या.

स्क्रीनवर लगेच तो मेसेज: यूएसबी डिव्हाइस ओळखता येत नाही.

त्याचं असं आहे, कोरड्या हवेत प्लास्टिकवरून उठलं की अंगात वीज साठते, आणि धातूला हात लावताच ठिणगी उडते. इकडे कंप्युटर डबीला सारखं विचारत असतो, आहेस का, आहेस का? ठिणगीने डबीची शुद्ध हरपली की उत्तर जात नाही, आणि कंप्युटर तिचं नाव कापतो. मग काका कितीही दाबोत. माझ्या टेबलावर हे व्हायचंच नाही, कारण मनगटाला अंगातली वीज जमिनीत सोडणारा अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय मी कामाला बसतच नाही.

माइकला सांगितलं. आधी पोट धरून हसला, मग ठिणगी परस्पर अर्थिंगला वळवणारा एक छोटा डायोड त्यानेच सुचवला. तो लावला, धातूची डबी केली, बटणाची कड प्लास्टिकची केली. टेबलावर मुद्दाम ठिणग्या पाडून पाहिल्या. डबी टिकली.

डबी जोडून झाल्यावर काकूंना म्हटलं, "आता ते प्लास्टिकही काढा."

"छे गं! डाग पडले म्हणजे? पाहुणे येतात, मुलं चॉकलेटचे हात लावतात..."

"काकू, अहो ठिणग्या..."

"मी सांभाळून उठेन ना! हात लावायच्या आधी..."

"बास!" मुलीचा आवाज आला. मुलगी तर टेक्सासला.

आम्ही दोघी वळलो. काकांचा पंजा बटणावर होता, आणि ते थेट काकूंकडे बघत होते. पुन्हा दाबलं. "बास!"

काकू मुकाट्याने कात्री आणायला गेल्या. जाताना पदराने डोळे पुसत होत्या.

तेव्हापासून कुठलीही वस्तू माझ्या टेबलावर चालली की मी खूश होत नाही. ज्याला वापरायची आहे, त्याच्या घरी जाऊन आधी तासभर बसते.