युस्तीना आत्याच्या कोठीची दारं

दारं बसवण्यात माझा जन्म गेला. आमच्या कॅनडातल्या मॅनिटोबाच्या सपाट मुलखात वारा असा, की दार नीट बसलं नाही तर जानेवारीत उंबऱ्याच्या आत बर्फ साठतो. त्यामुळे इथे सुताराला मान आहे. हल्ली मात्र लोकांना दार वाऱ्यासाठी नको असतं, मासिकात पाहिलेलं असतं म्हणून हवं असतं. ज्यांच्या सासऱ्यांनी आयुष्यभर गोठ्याची दारं ढकलली, त्या सुना आता तसलंच सरकतं दार स्वयंपाकघरात लावून मागतात. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटतो आणि लावून देतो.

म्हणून युस्तीना आत्याचा फोन आला तेव्हा मला हसूच आलं.

“डिर्क, माझ्या कोठीला दारं करून दे.”

“आत्या, तूसुद्धा मासिकं वाचायला लागलीस?”

“फाजीलपणा पुरे. दारं बंद झाली की आतलं काही दिसता कामा नये. आणि सुगीच्या रविवारच्या आधी व्हायला हवीत, त्या दिवशी कुणी ना कुणी येतंच.”

फोन ठेवल्यावर माझं हसू गेलं. कारण आत्याची कोठी बंद करणं म्हणजे काय, हे आमच्या गावात कुणालाही विचारा.

युस्तीना आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय शहात्तर. एकोणिसाव्या वर्षी याकोबशी लग्न होऊन त्या घरात आली, पाच मुलं वाढवली, सुगीत नवऱ्याच्या बरोबरीने ट्रक चालवला, चर्चमध्ये तीस वर्षं पोरांना गाणी शिकवली. पण तिचं नाव झालं ते शेपू घालून खारवलेल्या काकड्यांमुळे. याकोबने स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधली भिंत पाडली, तेव्हा कोठीचं तोंड चांगलं सात फूट रुंद झालं. चाळीस वर्षं त्या सात फुटांना दार नव्हतं. टेबलापाशी बसलं की समोर तीनशे बरण्या दिसायच्या: चेरी, बीट, आलुबुखार, आणि मधल्या फळ्यांवर काकड्या. आमच्या मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती लोकांत स्वतःची फुशारकी मारणं पाप समजतात. पण उजेडात मांडलेली बरणी काही बोलत नाही, त्यामुळे ती चालते.

रविवारी चार वाजता आमच्याकडे फास्पा असतो. बोलावणं नसतं. कुणाच्याही अंगणात गाडी वळवायची, आत शिरायचं, आणि त्या घरच्या बाईने कॉफी, चीज, जॅम, डोक्यावर डोकं ठेवल्यासारखे दुमजली पाव आणि खारवलेल्या काकड्या पुढे ठेवायच्या. आत्याच्या अंगणात कधी चारपेक्षा कमी गाड्या नसत. ईस्टरपासून मात्र तिथे एकही गाडी दिसली नव्हती. आधी तिने सर्दीचं कारण सांगितलं, मग रंगकामाचं, मग लोकांनीच वळणं सोडलं. शहरातल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत तिने नाव घातलंय, ऑक्टोबर संपायच्या आत हो-नाही कळवायचंय, अशीही कुजबुज होती. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मोजमापं घ्यायला गेलो तर सगळ्या फळ्यांवर चादरी टाकलेल्या.

“हे काय?”

“धूळ बसते. तू चौकट मोज.”

चौकट मोजली. याकोब शेतकरी चांगला होता, सुतार नव्हता. चौकट अजिबात गुण्यात नव्हती, एकही कोपरा काटकोनात नव्हता. मी तिला एकेक प्रकार समजावला. बाहेर उघडणारे दोन पल्ले लावले तर टेबलाला धडकणार. घडीची दारं सात फुटांवर लावली तर वर्षभरात रुळावरून उतरणार. एकापुढे एक सरकणारे दोन पल्ले सगळ्यांत बरे, फक्त एका वेळी अर्धीच कोठी उघडते.

“आणि ते गोठ्यासारखं?”

“ते ओकचं, भरीव. आत्या, ते ढकलायला घोडा लागेल.”

“तेच कर. त्याच्या फटीतून काही दिसत नाही.”

गाडीत एक जुना ओकचा पल्ला होता. तो मी आणून उभा धरला आणि म्हटलं, जरा सरकवून बघ. तिने मूठ धरायचा प्रयत्न केला. बोटं वळलीच नाहीत. मग तिने मनगट अडकवलं, मग खांदा लावला. पल्ला जागचा हलला नाही. तिच्या बोटांचे सांधे अक्रोडासारखे फुगले होते, आणि मी गाढव अर्धा तास समोर उभा राहून चौकट बघत होतो.

“हात कधीपासून असे आहेत?”

“तू दारं कर. डॉक्टरकी नको.”

“आत्या.”

ती खुर्चीवर बसली आणि हनुवटीनेच चादरीकडे खूण केली. मी चादर उचलली. खाली दुकानातल्या काकड्यांच्या लाल झाकणाच्या बाटल्या होत्या, आणि त्यांच्या मागे तिच्या स्वतःच्या रिकाम्या बरण्या.

“पोर्टेजहून आणते,” ती म्हणाली. “इथल्या दुकानात सगळे ओळखतात. ईस्टरला माझ्या बरण्यांत ओतून वाढल्या. ग्रेता खाऊन म्हणाली, यंदा तर तुझा हात काय जमलाय! सगळ्यांनी माना डोलावल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं, डिर्क. माझ्याच्याने पुन्हा पानात खोटं वाढवत नाही. आणि खरं सांगून त्या टेबलाशी बसणंही जमायचं नाही. त्यापेक्षा शहरात गेलेलं बरं. तिथे कुणी कुणाकडे वळत नाही.”

ग्रेता काकू म्हणजे तिची थोरली जाऊ. जिभेला धार अशी, की पाद्रीसुद्धा तिच्यापुढे सांभाळून बोलतो. सत्तावन्न वर्षं दोघी एकमेकींच्या काकड्यांना नावं ठेवत आल्या. सुतार माणूस, मी दारावरच आलो.

“तुला दार झाकायला हवंय की उघडायला?”

“झाकायला.”

“मी उघडता येणारं करणार.”

“मग विचारलंस कशाला, मेल्या?”

तीन आठवडे लागले. हलक्या लाकडाचे, पण सलग फळीचे दोन सरकते पल्ले केले. गोल मुठीऐवजी वरपासून खालपर्यंत उभी जाड पट्टी लावली, म्हणजे कोपराने ढकलता येईल. खालचा रूळ लोण्यासारखा गुळगुळीत केला. गोठ्याचं दार केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाने सांगितलेलं सोडून दुसरं केलं.

सुगीच्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी बसवायला गेलो. वरची पट्टी ठोकायची तर चादरी काढाव्या लागल्या. आत्याने स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. घराच्या दाराला कडी घालायचं मात्र आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आमच्याकडे दार वाजवून येतो तो फक्त विमा विकणारा. ग्रेता काकू आलुबुखाराचा केक घेऊन सरळ आत आली.

मी शिडीवर, तोंडात चार खिळे. आत्या कोठीसमोर. बाटल्या सगळ्या उघड्यावर.

ग्रेता काकूने केक टेबलावर ठेवला. चष्मा वर केला. एक बाटली उचलून कागद वाचला.

“लाल झाकणाच्या?” ती म्हणाली. “शी! नुसतं व्हिनेगर असतं यात. हिरव्या झाकणाच्या घ्यायच्या. बरणीत ओतायच्या आणि वरून शेपूची ताजी काडी घालायची.”

माझ्या तोंडातला एक खिळा खाली पडला.

“तुला काय माहीत?” आत्याने विचारलं.

“पाच वर्षं मी त्याच वाढतेय. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून.”

“पाच? अगं, मागच्या वर्षी मी तुझ्याकडे कृती मागितली होती!”

“मग दिली ना. सासूबाईंची होती, चांगलीच आहे.”

“ग्रेता!” आत्याचा आवाज चिरकला. “आणि ईस्टरला म्हणालीस, हात जमलाय म्हणून?”

“पहिल्या घासाला ओळखलं. म्हणून तर म्हणाले.” काकू एकदम खुर्चीवर बसली. “मला वाटलं, तू माझ्याकडे बघून हसशील. म्हटलं, निदान आता या खोट्यात आपण दोघी झालो. तर तू घरच बंद करून बसलीस. सहा महिने, युस्तीना. माझ्या रविवारची तू वाट लावलीस.”

आत्या रडली. मी शिडीवरून उतरायला निघालो, तर काकू माझ्यावर खेकसली, “तू कुठे निघालास? ती दारं कोण लावणार?”

लावली. आत्याने डोळे पुसले आणि कोपराने पल्ला ढकलला. तो भिंतीपर्यंत गेला. परत ढकलला, परत आला. पाच-सहा वेळा तिचं तेच चाललं होतं. गोठ्याचं दार कुठाय, असं तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चर्चमधली सुगीची प्रार्थना आटोपून निघताना ग्रेता काकूने सर्वांत आधी आपली गाडी आत्याच्या अंगणात वळवली, आणि तिच्या मागून सात गाड्या वळल्या. टेबलाभोवती जागा पुरेना. पाव होते, चीज होतं, आलुबुखाराचा केक होता. काकड्यांची जागा तेवढी रिकामी होती, आणि सगळ्यांच्या नजरा तिथे जात होत्या.

आत्या उठली. कोपराने दार सरकवलं. आतून एक लाल झाकणाची बाटली दोन्ही मनगटांत छातीशी धरून आणली आणि कागदासकट माझ्यापुढे ठेवली.

“डिर्क, उघड बाबा. माझ्या हातांनी आता काकड्या घालणं होत नाही, आणि हे झाकणही उघडत नाही.”

पाद्रीबाईंनी, म्हणजे आमच्या पाद्र्याच्या बायकोने, बाटलीकडे पाहिलं, मग आत्याच्या हातांकडे. मी झाकण उघडलं.

“इकडे दे,” ग्रेता काकू म्हणाली. “मला दोन.”

मग बाटली फिरली. पाद्रीबाईंनी एक काकडी घेतली, खाल्ली, आणि हळूच विचारलं, “युस्तीना, मग शहरात कधी जायचं म्हणतेस?”

“उद्या फोन करून नाही म्हणून सांगणार आहे,” आत्या म्हणाली. “झाकण उघडायला रविवारी कुणीतरी येईलच की इथे.”