दीपक पेंटरचं हेलिकॉप्टर

मागून सायरन वाजला की तुम्ही काय करता? मला नका सांगू, स्वतःला सांगा. बाजूला होता? की आरशात बघून न बघितल्यासारखं करता? की ॲम्ब्युलन्स पुढे गेली रे गेली, तिच्या शेपटीला आपली गाडी लावून चौक फुकटात पार करता?

दीपक पेंटरची गोष्ट या प्रश्नाशिवाय सुरूच होत नाही, म्हणून विचारलं.

नाशकातल्या द्वारका चौकाच्या कोपऱ्यावर, टायरवाल्याशेजारी, पत्र्याच्या टपरीत त्याचं दुकान. नंबर प्लेट, ट्रकच्या मागच्या फळ्या, दुकानांचे बोर्ड. मशीनवर कापलेले स्टिकर आले, बाकीचे पेंटर भाजीच्या गाड्या लावून मोकळे झाले, हा ब्रश धरून बसला. "मशीनच्या अक्षराला पोट नसतं, ताई," म्हणायचा. माझ्या सगळ्या मोर्चांचे फलक त्यानेच रंगवले. एकदा पोलिसांनी ते उचलून नेले, तर हा मला म्हणतो, "त्यांना सांगा, उभे ठेवा. रंग ओला आहे."

त्याला माज एकाच गोष्टीचा. द्वारका आपलं आहे. चौकातला हवालदार ओळखीचा, रिक्षावाले ओळखीचे, निम्म्या टेम्पोंच्या पाठीवर आपली अक्षरं.

हा माजच नडला.

मागच्या वर्षी त्याच्या बायकोच्या, रूपालीच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स लगेच आली. ड्रायव्हर शहाणा होता, आतल्या रस्त्याने वळवत होता. दीपक म्हणाला, "द्वारकावरून घे. तिथे सगळे माझे आहेत."

सगळे त्याचेच होते, खोटं नाही. पुढे जो ट्रक आडवा अडकला होता, त्याची फळीही यानेच रंगवलेली. पिवळ्यावर लाल अक्षर, काळी सावली: 'सावकाश जा, घरी वाट बघतात.' दीपक खाली उतरला. बोनेटवर हात आपटले, एकेकाला नावाने हाका मारल्या. लोक धावलेही. पण डावीकडे जरा फट पडली की मोटरसायकली तिच्यात घुसायच्या आणि फट बंद. रूपालीने काचेतून त्याला हात केला, आत ये म्हणून. तो आत चढेपर्यंत तो हात खाली पडला होता. हॉस्पिटलात डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणायला पाहिजे होतं."

दहाव्याला रूपालीची आई, चंद्रभागा, वणीकडून आली. शेवंतीचा मळा करणारी, कमी बोलणारी बाई. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "मोकळा रस्ता सोडून माझ्या लेकीला त्या चौकात कशापायी नेली, दीपकराव?"

दीपक खाली मान घालून बसला. अजूनही त्याची मान तशीच आहे.

त्यानंतर त्याने ट्रकची फळी हातात घेतली नाही. टपरी उघडायचा आणि चौकाकडे बघत बसायचा. मी चिडले. मला लवकर राग येतो, ते नाशकात सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, "किती दिवस असा बसणार? बाकीच्यांच्या बायका नाही मरत?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, ती अजून तिथंच आहे."

"कोण?"

"रूपाली. त्या ट्रकच्या मागं. तिला अजून वाट नाही मिळाली."

देवाधर्माचं मला कुणी शिकवायला येऊ नये, मी ऐकत नाही. पण त्या दिवशी मीही त्याच्याशेजारी चौकाकडे बघत बसले.

वर्षश्राद्धाला आपल्यात गेलेल्याच्या नावाने छत्री देतात, चपला देतात, पाण्याचा तांब्या देतात. पुढची वाट लांबची असते म्हणे. दीपकने ठरवलं, रूपालीला हेलिकॉप्टर द्यायचं. चपला घालून द्वारका ओलांडता येत नाही, हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं.

पहिलं हेलिकॉप्टर त्याने थर्माकोलचं कोरलं आणि घाईत त्यावर ऑइल पेंट मारला. ऑइल पेंट थर्माकोल खातो, हे पेंटरला सांगावं लागत नाही. त्यालाही माहीत होतं. पण डोकं ठिकाणावर कुठे होतं? बघता बघता शेपटी वितळून खाली आली. तो तिथेच फुटपाथवर बसून लहान पोरासारखा रडला, आणि टायरवाल्याने गिऱ्हाईक सोडून त्याला पाणी पाजलं.

मग पत्रा. त्याचा मित्र कुंदन सातपूरला शेडमध्ये पत्राकाम करतो. खऱ्या हेलिकॉप्टरच्या फुटाला अर्धा इंच असं माप धरून त्याने सांगाडा कापून दिला. पंख्याची पाती छत्रीच्या काड्यांवर पत्रा वळवून केली, काचा पाण्याच्या बाटलीच्या. आत स्ट्रेचर, बोटाएवढं, त्यावर रूपालीच्या साडीचा तुकडा. दीपकने सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपरने घासली, परत भरली, परत घासली. हात फिरवला तर सांधा लागायचा नाही.

रंग कुठल्याच खऱ्या कंपनीचा नव्हता. वर पांढरा, पोटाला शेवंतीचा पिवळा, मधून जांभळी रेघ. खडूची दोरी मारून आखलेली, पण ओढलेली हाताने. दारावर नाव: 'रूपाली हवाई सेवा'. अक्षरांना पोट होतं, सावली होती. आणि शेपटीवर नंबर, एमएच १५.

कुंदन हसून वाकला. "अरे येड्या, हेलिकॉप्टरला आरटीओ पासिंग असतं का?"

"नाशिकचं आहे हे कळायला नको?" दीपक म्हणाला. तोही हसला. वर्षभरात मी ते एकदाच बघितलं.

मी तेव्हा या कोंडीविरुद्ध द्वारकावर ठिय्या मांडायच्या तयारीत होते. म्हटलं, "हे मधोमध ठेवू. पेपरात फोटो येईल, साहेब लोक धावत येतील."

"नाही."

"अरे, तिच्यासाठीच चाललंय ना सगळं?"

"ताई, हे दाखवायला नाही. हे तिला जायला आहे."

मी त्याला नको ते बोलले, तो ब्रश धूत राहिला. त्याची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी होती. हे दान चंद्रभागाबाईंनी, रूपालीच्या आईने, मान्य करावं. फोनवर त्याने विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "खेळणं देताय व्हय माझ्या लेकीला?" आणि फोन ठेवला होता.

वर्षश्राद्धाच्या सकाळी माझ्या ॲक्टिवावर आम्ही गोदाघाटाकडे निघालो. मागे दीपक, मांडीवर हेलिकॉप्टर, पिल्लू धरावं तसं. रस्ता त्यानेच सांगितला. "द्वारकावरून घ्या. तिला तिथून उचलायचंय."

द्वारकावर अडकलो. अडकणारच. आणि मागून सायरन आला.

मी आरशात बघितलं तर मागची सीट रिकामी. दीपकने हेलिकॉप्टर दुभाजकालगत खाली ठेवलं होतं आणि तो गाड्यांमध्ये घुसला होता. "डावीकडं घे! ए रिक्षा, डावीकडं! आत पेशंट आहे रे!" आवाज फाटला होता. एका मोटरसायकलवाल्याची गाडी त्याने हाताने उचलून सरकवली. वाट पडली. ॲम्ब्युलन्स निघाली, काचेला टेकलेला कुणाचा तरी हात दिसला, आणि ती गेली.

तिच्या शेपटीला मोटरसायकलींची रांग. बाजूला केलेले सगळे आता तिच्यामागे सुसाट. त्यातलाच एक दुभाजकाला चिकटून गेला. पत्रा चेपल्याचा आवाज मला एवढ्या गोंगाटात ऐकू आला.

तो मागे वळून ओरडला, "रस्त्यात खेळणी मांडतो का, येडपटा!" थांबला नाही.

शेपटी सपाट झाली होती. एमएच १५ मधला एम तेवढा दिसत होता. दीपकने सगळं गोळा केलं, वाकलेली पातीसुद्धा. घाटापर्यंत ते मांडीवर धरून बसला.

घाटावर छत्री, चपला, तांब्या मांडलेलं होतं. गुरुजी म्हणाले, "हे आणखी काय?" दीपकने ते चंद्रभागाबाईंसमोर धरलं. त्यांनी पिवळ्या पोटावरून बोट फिरवलं, दारावरचं लेकीचं नाव एकेक अक्षर जुळवत वाचलं. वाकून आत बघितलं. साडीचा तुकडा ओळखला बहुतेक, कारण पदर तोंडाला लावला.

"ह्ये असं कशानं झालं?"

"द्वारकाला, आई. ॲम्ब्युलन्सला वाट करत होतो."

"ती गाडी गेली का?"

"गेली."

"मानूस वाचलं का?"

"माहीत नाही."

बाईंनी चेपलेली शेपटी चाचपली. मग म्हणाल्या, "रंग लय चांगला दिलाय. पन मोडकं नाय द्यायचं माझ्या लेकीला. नीट करून आना."

"आज वर्ष होतंय, आई. परत कधी?"

गुरुजी म्हणाले, पितृपक्षात देता येईल. छत्री आणि चपला दिल्या. हेलिकॉप्टर परत आलं.

आता ते टपरीत टेबलावर असतं. दीपक शेपटी ठोकून सरळ करतो, लांबी भरतो, घासतो, मनासारखं होत नाही म्हणून परत खरवडतो. सायरन ऐकला की ब्रश टाकून रस्त्यावर धावतो. एकदा त्याला रिक्षाचा धक्का बसलाय, मनगट सुजलंय, रेघ सरळ येत नाही. पितृपक्षापर्यंत होईल का, विचारलं की चौकाकडे बघतो. म्हणतो, "तिला थांबायची सवय झालीय आता."

मी निवेदनं देऊन थकले, साहेबांवर ओरडून घसा बसला. आता तुम्हाला सांगते, कारण त्या रांगेत साहेब नव्हते, तुम्ही-आम्ही होतो. सायरन ऐकला की गाडी डावीकडे घ्या. ॲम्ब्युलन्स पुढे गेली की जागेवरच थांबा, तिची शेपटी धरू नका. द्वारकावर तर नकाच धरू. तिथे रस्त्यावर आमचा दीपक असेल.