होडी कुठे संपते

प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसणं तिच्या रक्तातच नव्हतं, आणि पोटापाण्याचं काम मात्र नेमकं बसून करायचं मिळालं. ध्रुवाकडच्या समुद्राच्या तळातून जहाजाने लांब नळीत भरून आणलेला चिखल धुवायचा, त्यातली शैवालांची काचेसारखी कवचं वेगळी करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायची. कुठल्या थरात कोणतं कवच आहे, त्यावरून त्या थराचं वय ठरतं. दर थोड्या वेळाने खुर्ची सोडून पळणाऱ्या या बाईने हे काम अर्धं आयुष्य कसं केलं, देव जाणे.

हे सगळं तिला याच प्रयोगशाळेतल्या तिच्या सरांनी शिकवलं. ‘भिंगरे, घाई करशील आणि माती खाशील,’ हे वाक्य तिने त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं होतं की पुढे पुढे ते बोलायच्या आत तीच म्हणून टाकायची. सरांची सगळी हयात एका कवचामागे गेली. आकार होडीसारखा, म्हणून नाव होडी. ही होडी खालून वर येताना चिखलात जिथे शेवटची दिसते, तिच्या खालचा थर जुना आणि वरचा नवा, ही खूण सरांची. तिच्या आधाराने कितीतरी लोकांनी आपापल्या चिखलाची वयं सांगितली.

आणि परवा भिंगरीला त्या खुणेच्या चांगली हातभर वर होडी दिसली. एक सोडून चार.

दुसरा नमुना धुवून खात्री करावी ना? छे! हिने फोन उचलला. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, हल्ली अंथरुणातूनही फारसे उठत नसत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे मी चुकलो म्हणायचं.” फोन बंद.

तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. भाजीत मीठ दोनदा पडलं. नवरा म्हणाला, “कुणाशी भांडून आलीस का?” आजारी माणसाला हे सांगायची काय गरज होती, हा एकच प्रश्न तिला रात्रभर कुरतडत राहिला.

सकाळी काम सुचेना म्हणून ती प्रयोगशाळेतल्या बेसिनपाशी उगाच काचेची भांडी विसळत उभी राहिली. वरच्या फळीवर मुंग्यांची रांग होती आणि पांढऱ्या पावडरीपाशी येऊन ती वळत होती. भिंगरीचा हात थांबला. मुंग्या घालवायची ही पावडर म्हणजे जुन्या समुद्रातली असलीच कवचं, खणून काढलेली आणि दळलेली. नव्या पोरांना ती स्वतःच हे गमतीने सांगायची. पण त्याच फळीखाली चिखल धुताना ती उडून त्यात पडेल, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

चिमूटभर पावडर तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरली. होड्याच होड्या.

ती तशीच सरांच्या घरी धावली. दार त्यांच्या सुनेने उघडलं. “बरं झालं आलात ताई. तुमचा फोन आल्यापासून बाबा कुणाचं ऐकत नाहीत. माळ्यावरचा सूक्ष्मदर्शक काढायला लावला, आणि जेवतातही त्याच्यापुढेच बसून.”

सर खिडकीपाशी होते. औषधांच्या बाटल्या बाजूला सारून काचपट्ट्यांच्या पेट्या मांडल्या होत्या.

“सर, चूक माझी!” ती दारातूनच म्हणाली. “मुंग्यांची पावडर उडून माझ्या नमुन्यात पडली. तुमची खूण जागच्या जागी आहे.”

त्यांचा चेहरा उजळेल म्हणून ती बघत राहिली. सरांनी चष्मा काढला.

“ती पावडर तिथे पहिल्यांदा कोणी टाकली, भिंगरे?”

“तुम्ही.”

“माझ्या साखरेच्या डब्याला मुंग्या लागायच्या. तू यायच्या आधीपासून.” त्यांनी एक जुनी काचपट्टी उजेडात धरली. “मग माझी ही शेवटची होडी तरी समुद्रातलीच कशावरून?”

भिंगरीला रडू आलं. आपण धीर द्यायला आलो आणि होतं तेही हिरावून घेतलं, असं तिला झालं. सर मात्र टेबलाला धरून उभे राहायच्या खटपटीत होते.

“ज्या नळीवरून मी ही खूण ठरवली, तिचा दुसरा, उभा चिरलेला अर्धा भाग शीतगृहात आहे. त्याला कुणी हात लावलेला नाही. त्यातला थोडा चिखल आण. इथेच धुवू, स्वयंपाकघरात.”

“सर, परवानगी लागेल. असं घाईघाईत—”

“आयुष्यभर तुला घाई करू नकोस म्हणालो,” सर म्हणाले. “आता कर. चुकलो असेन तर चुकलो, पण मला माझ्या डोळ्यांनी बघू दे.”

ती चपला हातात घेऊनच जिना उतरली.